मिरगी, स्निग्ध आहार आणि मुलाचे हृदय

मिरगी म्हणा, फेफरे म्हणा, की ग्रंथांतला अपस्मार म्हणा, दुखणे एकच. मेंदूतील पेशींचा परस्परांशी व्यवहार विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहांनी चालतो. त्या व्यवहारात एकाएकी गोंधळ उसळला म्हणजे माणसाला झटका येतो. यात भूत नाही, बाधा नाही, की मागल्या जन्मीचे पाप नाही. झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा अगर चप्पल धरणारे लोक आजही आमच्या वर्धा जिल्ह्यात भेटतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. पण त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. या मालेच्या श्रोत्यांना ते सांगण्याची जरूर नाही. आम्हांला लिहावयाचे आहे ते एका निराळ्याच उपचाराविषयी, आणि त्या उपचाराचा मुलाच्या हृदयावर काय परिणाम होतो याविषयी.

मिरगी असलेल्या दर तीन मुलांपैकी साधारणपणे दोघांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. हे वाक्य वाचकांनी प्रथम नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढे जे सांगणार आहोत ते या दोघांसाठी नाहीच. ते तिसऱ्यासाठी आहे. नीट निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली दोन औषधे निष्फळ ठरली की तिसऱ्या-चौथ्या औषधाने गुण येण्याची आशा फार थोडी उरते. मग मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याजोगे काही आहे काय, हे डॉक्टर पाहतात. तेही नसले, तर काही मुलांना एक आहार सुचविला जातो. भाकर बंद, भात बंद, साखर-गूळ बंद; त्यांच्या जागी तेल, तूप, लोणी, साय, शेंगदाणे, नारळ. याला कीटोजेनिक आहार म्हणतात.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे शिक्षण गेटसभा, लेबर कोर्टाच्या पायऱ्या आणि सार्वजनिक वाचनालये यांनी केले. युनियनच्या कचेरीत माणसे पगाराची चिठ्ठी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद घेऊन येतात, तसे घरच्या दुखण्याचे कागदही घेऊन येतात. हिंगणघाटच्या एका जिनिंगमधला कामगार असाच सहा वर्षांच्या मुलाचा कागद घेऊन आला. नागपूरच्या डॉक्टरांनी आहार लिहून दिला होता आणि आळीतले लोक त्याला भेवडावत होते. तो म्हणाला, "भाऊ, पोराले एवढं तेल-तूप चारलं तं त्याचं काळीज बंद पडन, असं सारे म्हन्तेत. तुमी काय म्हन्ता?" डॉक्टरला विचार, असे सांगून त्याला वाटेला लावणे सोपे होते. पण डॉक्टरला काय विचारायचे, हेच ज्याला ठाऊक नाही तो विचारणार तरी काय? म्हणून आम्ही वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो, आणि जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

उपवासाने मिरगीचे झटके थांबतात, ही गोष्ट फार जुन्या काळापासून माणसाच्या नजरेस आलेली आहे. १९११ साली पॅरिसच्या गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी तिची वैद्यकीय नोंद केली. उपवास हा शब्द वर्ध्याला समजावून सांगावा लागत नाही. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला. अशा उपवासात पहिल्या एक-दोन दिवसांतच यकृतातील साखरेचा साठा संपतो. मेंदूला तर साखर हवी. तेव्हा यकृत शरीरातील मेद जाळून त्यापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू त्यांवर आपले काम भागवतो. या कीटोनवरच्या चालीत काही मेंदूंतील गोंधळ शांत होतो. हे नेमके का होते यावर शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही; होते हे मात्र खरे. (साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस यांवर केलेला उपवास या हिशेबात धरू नये. तो निव्वळ पिष्टाचा आहार होय!)

पण मुलाला जन्मभर उपाशी कसे ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी एक तोड सुचवली. खायला द्यावे, पण ते असे द्यावे की शरीराला उपवासच चालू आहे असे वाटावे. १९२५ साली पीटरमन यांनी त्याचे माप बसविले. पुढे १९३८ साली मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन हे औषध पुढे आणले. गोळी गिळणे हे तोलून-मापून जेवण्यापेक्षा केव्हाही सोपे, आणि हा आहार मागे पडला. त्याला पुन्हा लोकांपुढे आणले ते एका बापाने. चित्रपट-दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहानग्या चार्लीला औषधांनी गुण येईना. १९९३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी त्याला या आहारावर ठेवले आणि त्याचे झटके थांबले. एका मुलाचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, हे खरे. पण २००८ साली लंडनमध्ये १४५ मुलांवर रीतसर तुलना झाली. तीन महिन्यांनंतर, आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

आपल्याकडेही काम झालेले आहे. मुंबईचे डॉ. जनक नाथन आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय मुलांवरील आपला अनुभव २००९ साली 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात मांडला. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर जरा सैल केलेल्या, अ‍ॅटकिन्स धर्तीच्या आहाराचा प्रयोग होऊन त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे झटके निम्म्याहून अधिक कमी झाले. आम्हांला विशेष वाटला तो दिल्लीच्याच लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. ज्या आईबापांचे शिक्षण बेताचे, त्यांना समजेल आणि करता येईल असा सोपा आहार त्यांनी बसवला आणि तोही गुणकारी ठरला. अडाणी माणसांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे या एका प्रयोगाने बंद व्हावीत.

आता माप म्हणजे काय ते पाहू. जुन्या पद्धतीच्या आहारात प्रमाण चारास एक असते. म्हणजे चार ग्रॅम मेदाला, प्रथिने आणि पिष्ट मिळून एक ग्रॅम. मेदाच्या एका ग्रॅमपासून ९ कॅलरी मिळतात, बाकीच्यांपासून ४. म्हणजे मेदाच्या ३६ आणि इतरांच्या ४. एकूण ४० पैकी ३६. शेकडा ९० टक्के शक्ती मेदातून! आपल्या ताटात याच्या नेमके उलट असते. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकर घेतली तर तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट येते. पीटरमनच्या आहारात अख्ख्या दिवसाला १० ते १५ ग्रॅम पिष्ट चालते. अर्धी भाकर खाल्ली की दिवसाचा कोटा संपलाच.

इतके तेल-तूप पोटात गेल्यावर काळजाचे काय, असे आळीतल्या लोकांना वाटले, त्यात त्यांचे काही चुकले नाही. फक्त त्यांची भीती एकाच ठिकाणी जाऊन बसली होती. पाहावयाच्या जागा अनेक आहेत.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. हृदयाचा स्नायू मुळातच बराचसा मेदावर चालतो. निरोगी माणसाचे हृदय आपली निम्म्याहून अधिक शक्ती मेदाम्लांपासून घेते, आणि कीटोनही ते आनंदाने जाळते. म्हणजे या जळणाने हृदयाची भट्टी विझत नाही. प्रश्न आहे तो या जळणाबरोबर रक्तात काय येते आणि ताटातून काय नाहीसे होते, याचा.

रक्तात येते ते कोलेस्टेरॉल. याचा सर्वांत नीट अभ्यास जॉन्स हॉपकिन्सच्याच डॉक्टरांनी १४१ मुलांवर करून २००३ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत या मुलांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरीने ५८ मिलिग्रॅमनी चढले, त्यातले रक्तवाहिन्यांना घातक असे एलडीएल ५० नी चढले, आणि रक्षक समजले जाणारे एचडीएल ७ नी उतरले. मुलांच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत असावे, २०० च्या वर गेले की जास्त, असे मानतात. तेव्हा ५८ ची चढ ही काही किरकोळ बाब नव्हे. बारा आणि चोवीस महिन्यांनी पाहता ही वाढ उरलेली होती, पण तेवढी ठळक नव्हती. आणि आहार सुटल्यावर? त्याच इस्पितळाने २०१० साली, पूर्वी आहारावर असलेल्या १०१ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. आहार सोडून त्यांना मध्यमानाने सहा वर्षे झाली होती. ज्यांचे रक्त तपासले त्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल १५८ होते, म्हणजे साधारण माणसासारखे.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दोन वर्षांत काय उमटते, हेही पाहिले गेले आहे. इटलीतल्या एका अभ्यासात आहारावरच्या मुलांच्या रक्तवाहिन्या ताठरलेल्या आढळल्या. स्वीडनमध्ये पहिल्या वर्षी मानेच्या रक्तवाहिनीची लवचीकता घटलेली दिसली, पण चोवीस महिन्यांनी तो फरक उरला नव्हता. जन्मजात दोषामुळे वर्षानुवर्षे या आहारावर राहावे लागलेल्या दहा रुग्णांची दहा वर्षांची पाहणी जर्मनीत झाली. त्यांच्यातही रक्तवाहिन्या बिघडल्याचे दिसले नाही. दहा हा आकडा लहान आहे. त्यावर मोठी इमारत कोणी उभारू नये.

आता ताटातून काय नाहीसे होते ते पाहू. आमच्या मते हा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि लोकांना तो मुळीच ठाऊक नसतो. चीनमध्ये केशान नावाचा एक परगणा आहे. १९३५ साली तेथे हृदयाचा स्नायू सैल पडून फुगण्याचा एक विलक्षण रोग डॉक्टरांच्या नजरेस आला; मुले आणि बायका त्याला बळी पडत. कारण पुढे कित्येक वर्षांनी उमगले: तेथल्या मातीत सेलेनियम हे मूलद्रव्य अत्यल्प, म्हणून धान्यात नाही, म्हणून माणसांच्या अंगातही नाही. १९७० नंतरच्या दशकात सेलेनियमच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि रोग हटू लागला. आता हाच धागा आपल्या विषयाकडे आणा. माणसाला सेलेनियम मिळते ते मुख्यतः धान्य, अंडी, मांस, मासे यांतून. तेलातुपात ते जवळजवळ नसते. धान्य बंद केले आणि प्रथिनेही मोजून-मापून दिली, तर मुलाच्या ताटात आपण आपल्या हातांनी एक लहानसे केशान उभे करतो! २००३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा आहारावरच्या मुलांत सेलेनियमचा तुटवडा आणि त्यांपैकी एकात हृदयस्नायूचा विकार आढळल्याची नोंद केली. यावर उपाय कठीण नाही. साखर नसलेली, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची पुरवणी रोज द्यावयाची आणि तिच्यात सेलेनियम आहे की नाही हे डबीवर वाचून पाहावयाचे. कार्निटिन या द्रव्याचेही असेच आहे. मेद पेशीच्या भट्टीत नेऊन टाकणारा हा हमाल. मुलाला व्हाल्प्रोएट हे मिरगीचे औषध चालू असेल तर त्याचा तुटवडा पडू शकतो. काही मुलांत तर मेद जाळण्याची यंत्रणाच जन्मतः अधू असते. अशा मुलाला हा आहार दिला तर तो प्राणावर बेतेल. म्हणून सुरुवातीची रक्ततपासणी टाळून हा आहार कोणीही, कधीही घरच्या घरी सुरू करू नये.

हृदयाच्या तालाचा प्रश्न याहून निराळा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतात. कार्डिओग्रामच्या पट्टीवर त्या काळाचा जो भाग दिसतो त्याला क्यूटी म्हणतात. तो फार लांबला तर ताल एकदम बिघडून मूल दगावू शकते. २००० साली अमेरिकेत आहारावरच्या २० मुलांचे कार्डिओग्राम पाहिले, तेव्हा तिघांत क्यूटी लांबलेला सापडला. ज्यांच्या रक्तात आम्लता अधिक आणि कीटोनही अधिक, त्यांच्यात हे जास्त दिसले. त्यांतल्या एका मुलाचे हृदय चांगलेच फुगले होते. आहार थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. २००८ साली, आहारावर असताना अचानक हृदय थांबून मरण पावलेल्या दोन मुलांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. आम्ही हे लपवून ठेवणार नाही. ज्या बापाने आम्हांला विचारले त्यालाही हे आम्ही सांगितले.

पण तराजूला दुसरे पारडे असते. आटोक्यात नसलेली मिरगी म्हणजे काही नुसते बसून राहणे नव्हे. झटक्यात मूल चुलीवर पडते, विहिरीत पडते. शिवाय मिरगी असलेले माणूस कधी कधी झोपेत एकाएकी दगावते. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे हे प्रमाण मुलांत वर्षाला साडेचार हजारांत एक आणि मोठ्यांत हजारात एक असे आहे. आणि हातपाय ताठरून येणारे मोठे झटके जितके अधिक, तितका धोका अधिक. आणखी एक गोष्ट. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी जुनी औषधेही रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात. तेव्हा तुलना करावयाची ती आहारावरचे मूल आणि निरोगी मूल यांची नव्हे. रोज पाच-दहा झटके सोसणारे, तीन औषधांनी गुंगलेले मूल समोर ठेवून ती करावी लागते.

कोलेस्टेरॉल चढले तर आहार लगेच टाकून द्यावा लागतो असेही नाही. प्रमाण चारास एकवरून खाली आणता येते. एम्सच्याच डॉक्टरांनी २०११ साली लहान मुलांत चारास एक आणि अडीचास एक या प्रमाणांची तुलना प्रसिद्ध केली. गुण जवळजवळ सारखाच, त्रास मात्र अडीचात कमी. दुसरा मार्ग म्हणजे मेदाची जात बदलणे. आमच्या जिल्ह्याला तर हे उत्तम जमण्यासारखे आहे. आर्वीकडची गवळाऊ गाय आणि गोरस भांडाराचे तूप यांचा आम्हांलाही अभिमान आहे. पण तूप, लोणी आणि वनस्पती यांतला मेद बराचसा संपृक्त जातीचा, आणि एलडीएल चढवतो तो विशेषेकरून तोच. करडई, तीळ, भुईमूग, जवस यांच्या तेलांत असंपृक्त मेद अधिक. ही सगळी आमच्या विदर्भाच्या मातीतली पिके. जवसाची चटणी येथे घरोघर होते, आणि जवसात निव्वळ साखर-पिष्ट फार थोडे असते. (जवसाचे तेल मात्र कढवू नये, वरून घ्यावे.) सगळे तूप बंद करा असे आम्ही म्हणत नाही, वाटीतले किती तूप आणि किती तेल, हे आहारतज्ज्ञ बाईंना विचारून ठरवावे.

अलीकडे शहरांतले धडधाकट लोक वजन उतरवण्यासाठी 'कीटो' करतात आणि त्याची तयार पाकिटे दुकानांत मिळतात. त्या हौसेचा आणि या उपचाराचा काहीएक संबंध नाही. पाकिटावर चित्र छापले म्हणून ते मिरगीच्या मुलाला देऊ नये.

या उपचाराचा खरा भार आईवर पडतो, आणि आई बहुधा मजुरीला जाते. काटा हवा, लघवीतले कीटोन पाहण्याच्या पट्ट्या हव्यात, तेल रोजच्यापेक्षा किती तरी अधिक हवे. रेशनवर मिळतो तो गहू आणि तांदूळ. तो या मुलाच्या काहीच कामाचा नाही. सरकारी योजना आणि विमा धावून येतात ते मुख्यतः इस्पितळातल्या खाटेसाठी. स्वयंपाकघरातल्या काट्यासाठी नव्हे. अंगणवाडीत आणि शाळेत खिचडी असते. सेविकाताईंना, गुरुजींना आधीच सांगून ठेवले नाही तर कोणीतरी प्रेमाने घास भरवणारच. गणपतीचा प्रसाद, वाढदिवसाचे चॉकलेट, एवढेच काय, खोकल्याचे गोड औषध, एवढ्यानेही महिन्याची मेहनत वाया जाऊन झटका परत येऊ शकतो. अपघातात वा तापात मुलाला दवाखान्यात न्यावे लागले तर, 'याला हा आहार चालू आहे', हे लिहिलेली चिठ्ठी खिशात हवी. नाही तर सलाइनमधून ग्लुकोज जाईल.

तपासण्यांविषयी. सुरुवातीला उपाशीपोटी कोलेस्टेरॉल आणि इतर रक्ततपासण्या, पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी त्याच पुन्हा. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल जन्मतःच चढलेले असते. कार्डिओग्राम प्रत्येक मुलाचा काढलाच पाहिजे, असे तज्ज्ञांच्या जागतिक शिफारशींत सांगितलेले नाही. हृदयाचा धोका दिसत असेल तेथे काढावा, असे आहे. आमचे मत मात्र असे की तो प्रत्येकाचा काढावा, आधी एकदा आणि नंतर अधूनमधून. सेलेनियमची तपासणी गावोगावच्या प्रयोगशाळेत होत नाही आणि ती महागही आहे. कार्डिओग्रामची पट्टी सरकारी दवाखान्यात निघते. आमच्या युनियनच्या मागण्यांत, मुलाच्या तपासणीच्या दिवसाची आईला भरपगारी रजा, हे कलम आम्ही याच कारणासाठी घातले आहे. मालक हसले, कलम अजून कागदावर आहे.

तीन महिन्यांत गुण दिसला नाही तर आहार सोडावा. त्यात आईबापांचा दोष मानू नये. गुण आला तर साधारण दोन वर्षे चालवतात. एकदम मात्र सोडू नये: चारास एकवरून तीनास एक, मग दोनास एक, असे दोन-तीन महिन्यांत उतरत यावे, आणि भाकर पुन्हा कोरीकोरीने सुरू करावी. ज्यांचे झटके पूर्ण थांबले होते, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के मुले आहार सुटल्यावरही झटक्यांवाचून राहिली, असे जॉन्स हॉपकिन्सच्या २००७ च्या पाहणीत दिसले. उरलेल्यांना झटके परत आले. म्हणून भाकर सुरू झाल्यावरही काही महिने काटा आणि पट्ट्या घरात ठेवाव्यात, आणि कोलेस्टेरॉल खाली आले की नाही हे आणखी एकदा तपासून घ्यावे.